नावाचेच ग्लोबल

एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचे सॉफ्टवेअर मी सांभाळत होतो, तेव्हाची गोष्ट. उसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढला की पावतीच्या टेबलात एक नोंद पडायची आणि सर्व्हर तिला आपोआप पुढचा नंबर द्यायचा. तो नंबर उचलून माझा प्रोग्राम दुसऱ्या टेबलात प्रत्येक ट्रॉलीचे वजन लिहायचा. नंबर उचलायचा कशाने, तर @@आयडेंटिटीने. पुस्तकात तेच दिलेले, शेजारी बसणारा सहकारीही तेच वापरणारा. दोन हंगाम सुरळीत गेले. तिसऱ्या हंगामाच्या तोंडावर लेखापरीक्षकांनी सांगितले, की पावतीत कोण, कधी, काय करतो याचा माग राहिला पाहिजे. मी पावतीच्या टेबलावर चार ओळींचा ट्रिगर लावला. पावती पडली की मागोव्याच्या वेगळ्या टेबलात एक नोंद. करून पाहिले, चालले, घरी गेलो.

रात्री साडेदहाला काट्यावरून फोन आला. "साहेब, पावती छापतीया, पण वजनाची जागा कोरी येतीया."

झाले होते असे. मागोव्याच्या टेबलालाही स्वतःचा आपोआप वाढणारा नंबर होता आणि तो १ पासून सुरू झाला होता. पावती पडली, लगेच ट्रिगर पेटला, त्याने मागोव्यात नोंद केली, आणि @@आयडेंटिटीने मला त्या शेवटच्या नोंदीचा नंबर दिला. आज आलेल्या ट्रॉल्यांची वजने दोन हंगामांपूर्वीच्या १, २, ३ नंबरच्या पावत्यांना जाऊन चिकटत होती. फॉरेन कीनेही हरकत घेतली नाही, कारण त्या पावत्या टेबलात होत्याच. एररची एक ओळ कुठे दिसली नाही. पहाटेपर्यंत बसून ती वजने मी हाताने परत जागेवर लावली.

चूक माझीच होती. पण ती व्हायला एक शब्दही कारणीभूत होता. दोन ॲट चिन्हे लावलेल्या या नावांना मी 'ग्लोबल व्हेरिएबल' म्हणायला शिकलो होतो. नाव ग्लोबल, म्हणजे सगळीकडे तेच. व्हेरिएबल, म्हणजे आत ठेवलेली किंमत कोणी बदलेपर्यंत तशीच राहणार. मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरमध्ये यातले काहीच खरे नाही.

हा शब्द आला सायबेसकडून. मायक्रोसॉफ्ट, सायबेस आणि डीबेसवाली ॲशटन-टेट या तीन कंपन्या १९८८ मध्ये एकत्र आल्या आणि १९८९ मध्ये ओएस/२ साठी एसक्यूएल सर्व्हर बाजारात आला. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि सायबेस वेगळे झाले, पण भाषा दोघांकडे तीच राहिली आणि तिच्यासोबत दोन ॲटची नावेही. सायबेसच्या पुस्तकांत त्यांना ग्लोबल व्हेरिएबल म्हणत. मायक्रोसॉफ्टचे आजचे दस्तऐवज मात्र स्पष्ट सांगतात, की ही व्हेरिएबल नाहीत, ही सिस्टिम फंक्शन्स आहेत. पूर्वी त्यांना तसे म्हणत, इतकेच. नोकरीच्या मुलाखतीत मात्र आजही 'चार ग्लोबल व्हेरिएबल सांगा' असाच प्रश्न येतो. उत्तर द्या, वाद घालू नका. पण मनात पक्के ठेवा, की हे डबे नसून प्रश्न आहेत. @@रोकाउंट लिहिले की तुम्ही सर्व्हरला विचारता, 'आत्ता किती?' उत्तर त्या क्षणाचे असते.

पडताळा घ्यायचा असेल तर @@रोकाउंटला सेट वापरून एखादी किंमत द्यायचा प्रयत्न करा. सर्व्हर नाकारेल. उलटीही एक गंमत आहे. डिक्लेअर करून तुम्ही स्वतः दोन ॲटचे व्हेरिएबल बनवू शकता, सर्व्हर अडवत नाही. पण दुसरे ॲट लावल्याने ते ग्लोबल होत नाही. ते एका ॲटच्या व्हेरिएबलसारखेच लोकल राहते आणि बॅच संपली की जाते. जुन्या कोडमध्ये असली नावे मी पाहिली आहेत. लिहिणाऱ्याला वाटले होते की ही किंमत एका प्रोसीजरमधून दुसरीत आपोआप पोचेल. असे नाव कधीच ठेवू नका.

या लेखात सगळी नावे देवनागरीत आहेत. तुम्ही अर्थात रोमन अक्षरांत टाईप कराल. प्रत्येक नाव वापरण्याआधी दोन प्रश्न विचारायची सवय लावा. हे उत्तर कोणाचे? आणि ते कधीपर्यंत खरे? काही नावे शेवटच्या स्टेटमेंटबद्दल सांगतात, काही तुमच्या सेशनबद्दल, काही पूर्ण सर्व्हरबद्दल. तिन्हींच्या कपाळावर तीच दोन ॲट असल्याने घोळ होतो.

नंबर कोणाचा?

आयडेंटिटीपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात महाग चूक तिथेच होते. @@आयडेंटिटी तुमच्या सेशनमध्ये शेवटचा तयार झालेला नंबर देते, मग तो तुमच्या इन्सर्टने तयार केलेला असो की त्या इन्सर्टमुळे पेटलेल्या ट्रिगरने. स्कोप_आयडेंटिटी() सेशन आणि स्कोप दोन्ही पाहते, म्हणून ट्रिगरच्या आत काय झाले याच्याशी तिला देणेघेणे नाही. ती एसक्यूएल सर्व्हर २००० पासून आहे. तिसरी आयडेंट_करंट(). तिला टेबलाचे नाव द्यावे लागते आणि ती त्या टेबलातला शेवटचा नंबर देते, कोणत्याही सेशनने तयार केलेला. गर्दीच्या वेळी तिच्या भरवशावर राहिलात तर शेजारच्या खिडकीवरच्या गिऱ्हाइकाचा नंबर तुमच्या बिलाला लागेल. सध्या नंबर कुठवर आला हे पाहण्यापुरती ती ठीक. इन्सर्टनंतर नंबर घ्यायला नको.

म्हणून पहिला नियम: @@आयडेंटिटी दिसली की तिच्या जागी स्कोप_आयडेंटिटी(). पण हा नियम डोळे मिटून लावू नका. दोन-तीन ठिकाणी तीही दगा देते. इन्सर्ट डायनॅमिक एसक्यूएलमध्ये असेल तर आतला स्कोप वेगळा, बाहेरच्या स्कोप_आयडेंटिटी()ला तो नंबर दिसत नाही. टेबलावर 'इन्स्टेड ऑफ' ट्रिगर असेल तर खरा इन्सर्ट ट्रिगरच्या आत होतो, आणि तुम्हाला बाहेर नल मिळतो. तिसरे ठिकाण रोजच्या कामातले. ॲप्लिकेशनमधून पॅरामीटर लावून इन्सर्ट एका कमांडने पाठवला आणि नंबर विचारणारी सिलेक्ट दुसऱ्या कमांडने, तर कनेक्शन तेच असूनही हाती नल येतो. दोन्ही ओळी एकाच कमांडमध्ये पाठवा.

सगळ्यात भक्कम मार्ग म्हणजे नंबर मागाहून विचारायचाच नाही. इन्सर्ट करतानाच आउटपुट क्लॉजने परत घ्यायचा. ही सोय २००५ च्या आवृत्तीपासून आहे. शंभर ओळी एकदम टाकल्या तर शंभर नंबर मिळतात; बाकीचे तिघे फक्त शेवटचा देतात. एक अट मात्र लक्षात ठेवा. टेबलावर चालू ट्रिगर असेल तर नुसता आउटपुट चालत नाही, ३३४ नंबरचा एरर येतो. तेव्हा 'आउटपुट इन्टू' लिहून नंबर आधी टेबल व्हेरिएबलमध्ये घ्यायचे आणि तिथून वाचायचे. काट्याच्या प्रोग्राममध्ये मी शेवटी हेच केले.

जाता जाता: नंबर सलग असतील ही अपेक्षा ठेवू नका. इन्सर्ट रोलबॅक झाला तरी खर्च झालेला नंबर परत येत नाही. बिलाचे नंबर खंड न पडता हवे असतील, तर त्यासाठी आयडेंटिटी कॉलम हे साधनच नव्हे.

एका ओळीचे आयुष्य

@@रोकाउंट आणि @@एरर ही जोडी शेवटच्या स्टेटमेंटबद्दल बोलते, आणि 'शेवटचे' हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा आहे. शेवटचे महत्त्वाचे नव्हे, शेवटचे कोणतेही. अपडेट केले, मग प्रिंटने काहीतरी छापले, मग @@रोकाउंट विचारले, तर उत्तर शून्य. सेटने एखाद्या व्हेरिएबलला किंमत दिली, तर १. बिगिन ट्रान्झॅक्शन आणि कमिट ट्रान्झॅक्शन दोन्ही ते शून्यावर आणतात. नो-काउंट, डेटफर्स्ट असे पर्याय बदलणारे सेटही शून्यावर आणतात.

यातून एक सापळा तयार होतो. त्यात अनुभवी माणसेही सापडतात, म्हणून थोडा थांबून सांगतो. ट्रिगर एकही ओळ बदलली नाही तरी पेटतो. म्हणून ट्रिगरच्या सुरुवातीला 'इफ @@रोकाउंट = ० रिटर्न' लिहायची चांगली पद्धत आहे; काम नसेल तर लगेच परत. दुसरी तितकीच चांगली पद्धत म्हणजे प्रत्येक ट्रिगरच्या पहिल्या ओळीला 'सेट नो-काउंट ऑन' लिहायचे. दोन्ही चांगल्या पद्धती एकत्र आल्या आणि नो-काउंटची ओळ वर बसली, की तिने रोकाउंट शून्य केलेले असते. खालची तपासणी दरवेळी खरी ठरते आणि ट्रिगर दरवेळी काहीही न करता परत जातो. एरर नाही, लॉग नाही, काही नाही. मागोव्याचे टेबल रिकामे आहे हे सहा महिन्यांनी, कोणी चौकशी मागितली की कळते. रोकाउंटची तपासणी पहिली, नो-काउंट दुसरे. हा क्रम कधी मोडू नका. नो-काउंटमुळे @@रोकाउंट मोजायचेच थांबते असा एक गैरसमजही आहे. थांबत नाही. क्लायंटला जाणारा 'इतक्या ओळी बदलल्या' हा निरोप तेवढा थांबतो.

असाच दुसरा सापळा मोठ्या टेबलातला जुना डेटा साफ करताना. एकाच डिलीटने लाखो ओळी काढू नयेत, तुकड्यांनी काढाव्यात, हे सगळेच सांगतात; एका स्टेटमेंटने एका टेबलावर ५००० च्या आसपास कुलुपे घेतली की सर्व्हर ओळींची कुलुपे सोडून पूर्ण टेबलालाच कुलूप लावू पाहतो आणि बाकीचे ताटकळतात. म्हणून दोन-दोन हजार ओळींचा डिलीट, आणि @@रोकाउंट शून्य होईपर्यंत व्हाइल लूप. कोणीतरी शहाणपणाने आत कमिट टाकतो. कमिटने रोकाउंट शून्य, लूप पहिल्याच फेरीत बाहेर. जॉब हिरवा दिसतो, टेबल मात्र तेवढेच. उपाय सोपा: डिलीटच्या लगेच पुढच्या ओळीत @@रोकाउंट स्वतःच्या लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या आणि लूपची अट त्यावर ठेवा.

@@एररचेही तसेच, फक्त जरा जास्त खट्याळ. 'इफ @@एरर <> ० प्रिंट @@एरर' असे लिहिले तर छापले जाते शून्य, कारण इफ हेही एक स्टेटमेंट आहे आणि ते यशस्वी झालेले असते. मूळ नंबर, समजा प्रायमरी कीचा २६२७ किंवा फॉरेन कीचा ५४७, तपासणीतच पुसला गेला. दोन्ही आकडे हवे असतील तर दोन वेगळ्या सेट ओळी लिहू नका, पहिली ओळ दुसरीचा आकडा खाईल. एकाच सिलेक्टमध्ये दोन्ही व्हेरिएबलांना @@रोकाउंट आणि @@एरर देऊन टाका.

नवीन कोड लिहीत असाल तर @@एरर वापरण्याची वेळच येऊ देऊ नका. २००५ पासून ट्राय-कॅच आहे, २०१२ पासून थ्रो आहे. कॅचच्या आत एरर_नंबर(), एरर_मेसेज() शेवटपर्यंत टिकतात. कॅचमधून बोलावलेल्या लॉगच्या प्रोसीजरमध्येही टिकतात. तरी @@एरर समजून घ्यावे लागते, कारण जुना कोड आपल्याच गळ्यात येतो.

@@रोकाउंटची निंदाच नको. नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीचा विचार करा. दोन खिडक्यांवरच्या दोघांनी एकाच वेळी क रांगेतली १२ नंबरची खुर्ची मागितली. आधी सिलेक्टने 'रिकामी आहे का' पाहून मग अपडेट केलात, तर मधल्या क्षणात दुसरा शिरू शकतो आणि एका खुर्चीवर दोन रसिक येतात. त्याऐवजी एकच अपडेट लिहा: खुर्ची १२ आणि स्थिती रिकामी असेल तर विकलेली करा. लगेच @@रोकाउंट पाहा. १ आला तर खुर्ची तुमची. शून्य आला तर दुसऱ्याने नेली, गिऱ्हाइकाला दुसरी दाखवा. वेगळे कुलूप लावायला नको.

ट्रान्झॅक्शनची मोजणी

@@ट्रॅनकाउंट सेशनचे आहे, ओळीचे नाही, त्यामुळे ते असे पटकन पुसले जात नाही. गैरसमज वेगळा आहे. बिगिन ट्रान्झॅक्शन लिहिले की ते एकने वाढते, कमिटने एकने कमी होते. म्हणून लोकांना वाटते, की आतल्या प्रोसीजरचे कमिट म्हणजे आतले काम पक्के झाले. नाही. दोनवरून एकवर येणाऱ्या कमिटने काहीच पक्के होत नाही. पक्के करते ते एकवरून शून्यावर आणणारे शेवटचे. रोलबॅकची चाल तर अगदी निराळी. तो एकने कमी करत नाही, थेट शून्यावर आणतो, आतल्या प्रोसीजरने केला तरी बाहेरचे सगळे काम जाते. मग बाहेरची प्रोसीजर तक्रार करते, की आत जाताना मोजणी एक होती आणि बाहेर येताना दुसरीच. हाच तो २६६ नंबरचा एरर, ज्याच्यामागे मुले तासन्‌तास चुकीच्या ठिकाणी फिरतात.

प्रोसीजर लिहिताना सुरुवातीलाच @@ट्रॅनकाउंट एका व्हेरिएबलमध्ये टिपून ठेवा. शून्य असेल तर ट्रान्झॅक्शन तुमचे: तुम्ही सुरू करा, तुम्हीच कमिट किंवा रोलबॅक करा. शून्याहून जास्त असेल तर तुम्ही पाहुणे. यजमानाचे ट्रान्झॅक्शन मोडायचा अधिकार तुमचा नाही, फार तर सेव्ह ट्रान्झॅक्शनने खूण ठेवून तिथपर्यंत मागे या किंवा एरर वर फेका. कॅचमध्ये मात्र @@ट्रॅनकाउंट पुरेसे नाही. ट्रान्झॅक्शन चालू आहे एवढेच ते सांगते. ते कमिट करण्याजोगे उरले आहे का, हे सांगत नाही. त्यासाठी एक्सॅक्ट_स्टेट() विचारा. उणे १ आला तर ट्रान्झॅक्शन निकामी झालेय, पूर्ण रोलबॅकशिवाय गत्यंतर नाही, खुणेपर्यंतही परतता येणार नाही.

प्रॉडक्शनवर हाताने अपडेट करणाऱ्या प्रत्येकाला माझी एकच विनंती: जागेवरून उठण्याआधी 'सिलेक्ट @@ट्रॅनकाउंट' मारा. बिगिन ट्रॅन लिहून अपडेट करून, कमिट न करता जेवायला गेलेल्या माणसाने अख्खे ऑफिस बंद पाडल्याचे मी एकाहून जास्त वेळा पाहिले आहे. सगळे नेटवर्कला शिव्या देत असतात, आणि हा चहा घेऊन निवांत परत येतो.

सोमवारला रविवार समजणे

@@डेटफर्स्ट आठवड्याचा पहिला वार कोणता ते सांगते. अमेरिकन इंग्रजी भाषेच्या लॉगिनला ते ७, म्हणजे रविवार. ब्रिटिश इंग्रजीच्या लॉगिनला १, म्हणजे सोमवार. डेटपार्टने वाराचा नंबर काढला तर तो यावरच ठरतो. कोणीतरी हजेरीच्या प्रोग्राममध्ये 'वाराचा नंबर १ असेल तर सुट्टी' लिहितो. अमेरिकन भाषेवर ते बरोबर चालते. पुढे तारखा आपल्या सवयीच्या दिवस-महिना-वर्ष क्रमाने याव्यात म्हणून लॉगिनची भाषा ब्रिटिश इंग्रजी केली जाते, आणि त्या आठवड्यापासून सोमवारी सगळ्यांना सुट्टी लागते, रविवारी गैरहजेरी. वाराचा नंबर आणि @@डेटफर्स्ट यांची बेरीज करा, तिला ७ ने भागा आणि बाकी घ्या. सेटिंग काहीही असो, शनिवारला शून्य, रविवारला एक, सोमवारला दोन. हे सूत्र वहीत लिहून ठेवा.

@@फेच_स्टेटस कर्सरवाल्यांसाठी आहे. ते कर्सरनिहाय नसून पूर्ण कनेक्शनचे आहे: कोणत्याही कर्सरवरच्या शेवटच्या फेचचा निकाल. एका कर्सरच्या लूपमधून दुसरी प्रोसीजर बोलावली आणि तिच्यात दुसरा कर्सर असला, तर परत येताना @@फेच_स्टेटस त्या दुसऱ्याचे असते. फेच आणि तपासणी यांच्यामध्ये काहीच येऊ देऊ नका. त्याहून बरे म्हणजे कर्सरच येऊ देऊ नका.

@@एसपीआयडी म्हणजे तुमच्या सेशनचा नंबर. कोण कोणाला अडवून बसले आहे हे शोधताना आधी स्वतःचा नंबर पाहून घ्यावा. सर्व्हर स्वतःला किल करू देत नाही, पण चुकून शेजाऱ्याला मारता येते. हा नंबर कायमचा ओळखपत्र क्रमांक नव्हे. सेशन गेले की तोच नंबर दुसऱ्याला मिळतो, म्हणून लॉगमध्ये नुसता एसपीआयडी टिपण्यात अर्थ नाही. सोबत लॉगिनची वेळ हवी. लॉगसाठी @@प्रॉकआयडी जास्त उपयोगाचे. ते ऑब्जेक्ट_नेम()ला दिले की चालू प्रोसीजरचे नाव मिळते, आणि तीच ओळ सगळ्या प्रोसीजरमध्ये जशीच्या तशी चिकटवता येते.

आता पूर्ण सर्व्हरबद्दल बोलणारी. @@सर्व्हरनेम कॉम्प्युटरचे नाव विचारत नाही, सर्व्हरने स्वतःबद्दल लिहून ठेवलेले नाव सांगते. व्हर्च्युअल मशीनची नक्कल करून नवे नाव दिले की ते जुनेच सांगत राहते, आणि बॅकअपच्या फाइली दुसऱ्याच्या नावाने पडू लागतात. सर्व्हरप्रॉपर्टी() मधले नाव याच्याशी ताडून पाहा. जुळत नसेल तर एसपी_ड्रॉपसर्व्हरने जुने काढा, एसपी_ॲडसर्व्हरने नवे 'लोकल' म्हणून लावा आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करा. @@व्हर्जन डोळ्यांनी वाचण्यासाठी उत्तम, प्रोग्रामने वाचण्यासाठी वाईट. ते एक लांबलचक वाक्य आहे. त्यातून आकडा कापून अक्षरांप्रमाणे तुलना केली तर ९ हा १६ पेक्षा मोठा ठरतो, म्हणजे २००५ ची आवृत्ती २०२२ च्या पुढे जाते. आवृत्तीही सर्व्हरप्रॉपर्टी() कडूनच घ्या.

@@कनेक्शन्सच्या नावाने फसणारे तर दर वर्षी भेटतात. ते आत्ता किती जण जोडलेले आहेत हे सांगत नाही. सर्व्हर सुरू झाल्यापासून किती वेळा जोडण्याचा प्रयत्न झाला, यशस्वी आणि फसलेला धरून, ते सांगते. @@सीपीयू_बिझी आणि तिच्या भावंडांचे मोजमाप टिक्समध्ये. मायक्रोसेकंद हवे असतील तर @@टाइमटिक्सने गुणावे लागते, आणि साधारण ४९ दिवसांचा सीपीयू वेळ साचला की अंकगणिताच्या ओव्हरफ्लोचा इशारा येऊ शकतो. आजच्या काळात हे सगळे डायनॅमिक मॅनेजमेंट व्ह्यूंमध्ये पाहावे.

मायएसक्यूएलमध्ये गेलात तर

तिथेही दोन ॲट आहेत, आणि तिथे ती खरोखरच व्हेरिएबल आहेत. @@ग्लोबल.मॅक्स_कनेक्शन्स वाचता येते, सेट ग्लोबलने बदलताही येते. मुळात ते १५१ असते. एसक्यूएल सर्व्हरमधून आलेला माणूस इथे उलट्या बाजूने पडतो. ज्यांची ग्लोबल आणि सेशन अशी दोन्ही रूपे आहेत, त्यांची ग्लोबल किंमत बदलली तरी आधीच जोडलेल्या सेशनना फरक पडत नाही, तुमच्या स्वतःच्या सेशनलाही नाही. मागेपुढे काही न लावता @@ लिहिले तर सेशनचे उत्तर येते, म्हणून 'बदलले तरी बदलत नाही' असे वाटते. सर्व्हर बंद-चालू झाला की सेट ग्लोबलने दिलेली किंमत जाते. टिकवायची असेल तर ८.० पासून सेट पर्सिस्ट आहे. बदललेल्या ओळींची संख्या आणि शेवटचा नंबर यांसाठी तिथे रो_काउंट() आणि लास्ट_इन्सर्ट_आयडी() ही फंक्शन्स आहेत. पोस्टग्रेसमध्ये दोन ॲटची अशी नावेच नाहीत. तिथले लोक रिटर्निंग लिहून मोकळे होतात, आणि मला त्यांचा हेवा वाटतो.

शोध कसा घ्यायचा

तुमच्याकडे जुना डेटाबेस असेल तर हा लेख बाजूला ठेवून पहिली क्वेरी सिस.एसक्यूएल_मॉड्यूल्सवर मारा आणि डेफिनिशन कॉलममध्ये '@@आयडेंटिटी' शोधा. सिसकॉमेंट्सवर मारू नका. तिथे मजकूर चार-चार हजार अक्षरांत तुटलेला असतो आणि नाव नेमके सांध्यावर आले तर सापडत नाही. एन्क्रिप्ट केलेल्या प्रोसीजरची डेफिनिशन नल येते, त्यांची यादी वेगळी काढा. मग ट्रिगर घ्या आणि प्रत्येकाच्या पहिल्या चार ओळी डोळ्यांनी वाचा: नो-काउंट वर आहे की रोकाउंटची तपासणी? त्यानंतर एमएसडीबीमधल्या सिसजॉबस्टेप्स टेबलात कमांडचा कॉलम पाहा, कारण रात्रीच्या जॉबमध्ये लिहिलेला कोड मॉड्यूल्समध्ये दिसत नाही. शेवटी ॲप्लिकेशनच्या सोर्समध्ये शोधा. माझ्या काट्याच्या प्रोग्राममधली ती ओळ डेटाबेसमध्ये कुठेच नव्हती. ती एका फॉर्मच्या बटणामागे बसली होती.